डोंबिवलीहून पुण्याला बिऱ्हाड हलवताना

पुण्यात नोकरी लागली आहे, मुलांची शाळा जूनमध्ये सुरू होणार, आणि डोंबिवलीतल्या भाड्याच्या टू-बीएचकेचा करार मेअखेर संपतोय. अशा बेतात असलेल्या कुटुंबासाठी हे लिहिते आहे. कोल्हापूरहून पुण्याला किंवा नाशिकहून ठाण्याला जाणाऱ्यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल, पण एकच रस्ता डोळ्यासमोर असला की तपशील नेमके सांगता येतात.

घर बदलायचं ठरलं की बहुतेक घरांत आधी खोके गोळा होतात. माझं सांगणं असं, की आधी मोजपट्टी घेऊन नव्या घरी जा. काय न्यायचं, काय विकायचं, केवढा टेम्पो लागेल, कुठला खोका कुठे उतरवायचा, हे सगळं नवं घर ठरवतं. ते न बघता बांधाबांध केली तर नको असलेलं सामानही भाडं देऊन दीडशे किलोमीटर नेलं जातं, आणि मग न मावणारं कपाट पार्किंगमध्ये उभं राहतं.

रिकाम्या घरात एक दुपार

जायच्या आधी पाच-सहा आठवडे, घर रिकामं असताना, दोन-तीन तास हातात ठेवून जा. सोबत मोजपट्टी, वही आणि फोनचा चार्जर असू द्या. चार्जर यासाठी की प्रत्येक प्लग चालतो का ते तिथल्या तिथे कळतं.

आधी वाट मोजा, मग खोल्या. सामान आत येतं ते फाटक, लिफ्ट, जिन्याचं वळण आणि मुख्य दार यांतून. लिफ्टच्या दाराची रुंदी, आतली उंची आणि खोली लिहून घ्या. लोखंडी कपाट, मोठा फ्रिज आणि डबलबेडची गादी या तीन वस्तू लिफ्टमध्ये अडतात. अडल्या तर जिन्याने चढवाव्या लागतात, आणि त्याचे पैसे मजल्यागणिक वेगळे पडतात. हे आधी कळलं तर भावात धरता येतं. आयत्या वेळी कळलं तर हमाल सांगतील ती रक्कम द्यावी लागते.

स्वयंपाकघरात फ्रिजची जागा रुंदी, खोली आणि उंची अशी तिन्ही बाजूंनी मोजा, आणि फ्रिजचं दार कुठल्या बाजूला उघडतं तेही बघा. वॉशिंग मशीनसाठी नळ, सांडपाण्याची वाट आणि प्लग तिन्ही एका जागी आहेत ना? एसी, गिझर आणि मायक्रोवेव्हला मोठा, १६ अँपिअरचा प्लग लागतो. तो नेमका कुठल्या भिंतीवर आहे ते लिहून ठेवा. खिडक्यांची रुंदी मोजली की जुने पडदे पुरतील का हे घरबसल्या ठरवता येतं.

मग पाणी. पुण्याच्या पश्चिमेकडच्या आणि पूर्वेकडच्या नव्या वस्त्यांत, वाकड-हिंजवडी असो की खराडी-वाघोली, कित्येक सोसायट्या टँकरवर किंवा बोअरवेलवर चालतात. हे पाणी जड असतं. गिझरमध्ये क्षार बसतात, नळांवर पांढरे थर येतात, साबणाला फेस येत नाही. वॉचमनला आणि शेजारच्या एखाद्या घरी विचारा: महापालिकेचं पाणी किती वेळ येतं, उन्हाळ्यात टँकर किती लागतात, त्याचा खर्च मेंटेनन्समध्ये धरलेला असतो की वेगळा मागतात? डोंबिवलीत साधा फिल्टर पुरत असेल तर तोच इथे पुरेल असं समजू नका. पाण्याचा टीडीएस, म्हणजे त्यात विरघळलेले क्षार, मोजून मगच पाणी शुद्ध करायचं नवं मशीन घ्यायचं की नाही ते ठरवा.

गॅसची गोष्ट फार जणांच्या लक्षात येत नाही. डोंबिवलीत तुमच्याकडे पाइप गॅस असेल आणि पुण्यातल्या घरात सिलिंडर असेल, तर शेगडी तशीच जोडून चालत नाही. पाइप गॅसचा दाब कमी असतो, म्हणून त्या शेगडीच्या जेटचं छिद्र मोठं असतं. तीच शेगडी सिलिंडरला लावली तर ज्योत भडकते. सिलिंडरची शेगडी पाइपला लावली तर ज्योत मिणमिणती राहते. जेट बदलण्याचं काम थोडक्या वेळाचं आहे, पण ते जाणकार माणसाकडूनच करून घ्या आणि त्याला पहिल्या दिवसाची वेळ आधीच देऊन ठेवा. नव्या घरात पाइप गॅस असेल तर तो बहुधा मालकाच्या नावावर असतो. मागचं बिल थकलेलं नाही ना, ते किल्ली घेण्याआधी बघा.

हे सगळं झालं की घरचा साधा नकाशा वहीत काढा आणि प्रत्येक खोलीला अक्षर द्या: स्वयंपाकघर ‘स्व’, मुलांची खोली ‘मु’, मोठी खोली ‘मो’, बैठकीची खोली ‘बै’. पुढे खोक्यांवर हीच अक्षरं येणार आहेत.

तारीख कशी ठरवायची

महिन्याचे शेवटचे दोन-तीन दिवस आणि पहिला शनिवार-रविवार टाळता आला तर टाळा. बहुतेक भाडेकरार तेव्हाच संपतात-सुरू होतात, म्हणून टेम्पो मिळत नाहीत, मिळाले तर महाग मिळतात आणि माणसंही दमलेली असतात. गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया आणि दसऱ्यालाही हीच गत. पितृपक्षात बहुतेक जण घर बदलत नाहीत. तुमच्या घरात कुणाची हरकत नसेल तर त्या पंधरवड्यात गाडी सहज मिळते.

मुंबई-पुणे रस्त्याला स्वतःचं एक वेळापत्रक आहे. शुक्रवारी संध्याकाळी आणि शनिवारी सकाळी पुण्याकडे जाणारा बोरघाट तुंबतो, सलग सुट्ट्या आल्या तर जास्तच. भरलेला टेम्पो घाटात अडकला की सोसायटीची सामान उतरवायची वेळ टळते. शिवाय पुण्यात पाणीपुरवठ्याच्या दुरुस्तीची कामं बरेचदा गुरुवारी काढतात आणि त्या दिवशी पाणी बंद असतं. धुळीने माखलेल्या घरात पाण्याशिवाय पाऊल ठेवणं नको. म्हणून मला मंगळवार-बुधवार सगळ्यांत बरे वाटतात.

पण तारीख पक्की करण्याआधी दोन्ही सोसायट्यांच्या ऑफिसला फोन करा. सामान हलवायला ठरावीक तास असतात. पुष्कळ ठिकाणी रविवारी मनाई असते. नवी सोसायटी कराराची प्रत, पोलिसांकडे दिलेल्या माहितीची पोचपावती, गाडीचा नंबर आणि कधीकधी लिफ्टसाठी अनामत मागते. जुनी सोसायटी मालकाचं पत्र मागू शकते. हे कागद नसतील तर गाडी फाटकाबाहेर थांबते आणि थांबल्याचे पैसे तुमच्या माथी येतात.

शक्य असेल तर दोन्ही घरं आठवडाभर तरी एकत्र ताब्यात ठेवा. आठवड्याचं जादा भाडं जड वाटतं हे खरं. पण रंगकाम, झाडलोट, पेस्ट कंट्रोल आणि सुताराची कामं रिकाम्या घरात होतात. सामान आल्यावर तीच कामं दुप्पट वेळ खातात, आणि घरात म्हातारं माणूस किंवा लहान मूल असेल तर पेस्ट कंट्रोलच्या वासात त्यांना ठेवायचं कुठे, हा प्रश्न उरतो.

करार आणि डिपॉझिट

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार, म्हणजे घर भाड्याने घेताना होतो तो नेहमीचा करार, लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो, मग तो ११ महिन्यांचा का असेना. नोंदणी करण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. करार नोंदवलेला नसेल आणि अटींवरून वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं. हे मालकाला शांतपणे सांगितलं की तो सहसा राजी होतो.

खर्च फार नसतो. मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के लागतं. ते करारकाळातलं एकूण भाडं आणि परतीच्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के धरलेलं व्याज, या बेरजेवर काढतात. महिना २५,००० भाडं, ११ महिने आणि एक लाख डिपॉझिट असेल तर हे शुल्क ७०० रुपयांच्या आसपास येतं. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये. घरी येऊन अंगठे घेणारा एजंट यावर आपली मजुरी लावतो. सरकारी रक्कम किती आणि त्याची किती, हे वेगवेगळं लिहून मागा. हाच कागद पुढे आधार, बँक, शाळा आणि गॅसला लागणार आहे, म्हणून त्यात तुमचं नाव आधारवर आहे तसंच्या तसं लिहिलंय ना, हे दोनदा वाचा.

जुन्या मालकाला करारात लिहिलेल्या मुदतीची नोटीस लेखी द्या. व्हॉट्सॲपवर पाठवली तरी उत्तर आल्याशिवाय धरू नका. डिपॉझिट किल्ली देताना मिळणार की नंतर, रंगाचे पैसे कापणार का, हे त्याच वेळी बोलून घ्या.

आवराआवर: माळ्यापासून

सगळ्यांत जास्त वेळ इथे द्या. बांधलेला प्रत्येक खोका आधी विकत घेतला जातो, मग भरला जातो, उचलला जातो, उतरवला जातो आणि नव्या घरात जागा अडवतो. म्हणून आधी माळा उतरवा, मग पलंगाखालचे कप्पे, मग बाल्कनी. भाव ठरवायला आलेल्या माणसाला दाखवायच्या राहतात त्या याच तीन जागा, आणि निघायच्या दिवशी भांडण होतं ते त्यांतल्याच सामानावरून.

वहीतली मापं समोर ठेवून मोठ्या वस्तूंचा निकाल लावा. नव्या घरात जिथे बसणार ती जागा बोट ठेवून दाखवता येत नसेल तर ती वस्तू नेऊ नका. भुसा दाबून केलेल्या फळ्यांचं फर्निचर एकदा सुटं करून जोडलेलं असेल तर दुसऱ्यांदा स्क्रू धरत नाहीत. ते इथेच विकून टाका. सागवानी पलंग, गोदरेजचं जुनं कपाट, आजीचा पाटा-वरवंटा या गोष्टी पिढ्यान्‌पिढ्या टिकतात, त्या वजनाला घाबरून सोडू नका.

बाकीच्या वस्तू ज्याच्या-त्याच्या वाटेने जाऊ द्या. पेपर-पुस्तकं रद्दीवाल्याकडे, पण पॅकिंगपुरते महिन्याभराचे पेपर राखून ठेवा. मोडके नळ, तारा, पंखे भंगारवाल्याकडे. धड कपडे बोहारणीकडे किंवा ज्यांना खरंच लागतात त्यांच्याकडे. शाळेची पुस्तकं पुढच्या इयत्तेत येणाऱ्या शेजारच्या मुलाला. चालू स्थितीतला जुना फ्रिज किंवा टेबल हवंय का, हे सोसायटीतल्या वॉचमनला आणि घरी काम करणाऱ्या ताईंना आधी विचारा. ऑनलाइन विकून चार पैसे जास्त मिळतील, पण त्यांच्या घरी ते वर्षानुवर्षं वापरलं जाईल. त्या ताईंना तुमच्या जाण्याची खबर किमान महिनाभर आधी द्या. त्यांचं एक घर सुटणार असतं, दुसरं शोधायला त्यांना वेळ हवा.

मे महिना म्हणजे सालाचं धान्य, मसाला आणि वाळवणाचा महिना. जाणार असाल तर यंदा डोंबिवलीत काहीच भरू नका. गहू-तांदळाच्या कोठ्या रिकाम्या करत आणा, मसाला पुण्यात कांडून घ्या. फ्रिजर दोन आठवडे आधीपासून संपवायला घ्या.

टेम्पो की पॅकर्स?

घरात धडधाकट माणसं असतील, सामान वन-बीएचकेएवढं असेल आणि खोके स्वतः भरायची तयारी असेल, तर टेम्पो आणि चार हमाल हा स्वस्त मार्ग. छोट्या हत्तीत, म्हणजे टाटा एसमध्ये, एका खोलीचं सामान बसतं, त्याहून मोठ्या टाटा ४०७ टेम्पोत साधारण वन-बीएचके. टू-बीएचकेला बहुधा १४ फुटी गाडी लागते. एकाच फेरीत सगळं जाईल अशी गाडी घ्या. घाटातून दुसरी फेरी परवडत नाही. पावसाळा तोंडावर असेल तर बंद गाडीच घ्या. उघड्या टेम्पोवरची ताडपत्री लोणावळ्याच्या पावसात पुरत नाही, आणि कापसाची गादी एकदा भिजली की गेलीच.

पॅकर्स बोलवायचे तर तिघांकडून भाव घ्या आणि तिघांनाही घर दाखवा, निदान व्हिडिओ कॉलवर तरी. फोनवर सामान ऐकून दिलेला भाव निघायच्या दिवशी वाढतो. लेखी भावात काय काय हवं ते सांगते. पॅकिंगचं साहित्य, चढ-उतार, दोन्ही ठिकाणचे मजले, पलंग-कपाट सुटं करून पुन्हा जोडणं, टोल आणि जीएसटी, हे सगळं धरून एक आकडा. गाडी फक्त तुमच्याच सामानाची की त्यात दुसऱ्याचंही असेल? वाटेत गोदामात उतरवून दुसऱ्या गाडीत भरणार का? डोंबिवली-पुणे एवढ्या अंतरासाठी गाडी तुमची एकट्याची आणि सामान त्याच दिवशी, हे लिहून घ्या. वस्तू फुटतात त्या बहुतेक गाडी बदलताना.

‘इन्शुरन्स आहे’ एवढं ऐकून थांबू नका. विमा कंपनीच्या नावाची पॉलिसी मिळणार का, की पॅकर्सच आपल्या पावतीवर ‘जोखीम’ म्हणून टक्केवारी लावतोय? दोन्हींत फार फरक आहे. जीएसटी क्रमांक सरकारी पोर्टलवर टाकून बघा. तिथलं नाव आणि पैसे ज्या खात्यात जाणार त्याचं नाव एकच हवं. आगाऊ थोडीच रक्कम द्या आणि शेवटचा हप्ता सामान उतरवून मोजल्यावर. गाडी भरून झाल्यावर जादा पैसे मागून सामान अडवून ठेवायचे प्रकार घडतात, आणि त्यात सापडतात ती सगळ्यांत स्वस्त भावाला भुललेली घरं.

बांधाबांध

क्रम असा ठेवा: आधी न लागणारं, मग क्वचित लागणारं, रोजचं सगळ्यांत शेवटी. तीन आठवडे आधी पुस्तकं, सणावारची भांडी, थंडीचे कपडे, शोभेच्या वस्तू. स्वयंपाकघर शेवटच्या तीन दिवसांत.

पुस्तकं लहान खोक्यांत भरा. मोठा खोका पुस्तकांनी भरला तर तळ फाटतो आणि उचलणाऱ्याची कंबर धरते. उशा, पांघरुणं, मऊ खेळणी मोठ्या खोक्यांत जाऊ द्या. रोजचे कपडे बॅगा-सुटकेसमध्ये, साड्या-चादरी स्वच्छ चादरीच्या गाठोड्यात. ही गाठोडी गाडीत काचेच्या सामानाभोवती आधाराला लावता येतात. काचेच्या बशा आडव्या रचू नका, प्रत्येकीला कागद गुंडाळून उभ्या लावा. कप-पेल्यांच्या आत कागदाचा बोळा भरा. खोका हलवून बघा. आतून आवाज आला तर अजून कागद हवा. लोणच्याच्या बरण्या, तेल-तुपाचे डबे आणि फिनाइल टेम्पोत देऊ नका. बरण्यांच्या तोंडावर प्लास्टिक बांधून त्या तुमच्या गाडीत पायांशी ठेवा. गॅसचा सिलिंडर सामानाच्या गाडीत मुळीच जाऊ देऊ नका.

खोक्यावर नाव वरच्या बाजूला लिहू नका, कारण खोके एकावर एक रचले की ते दिसत नाही. दोन बाजूंना ठळक लिहा: नव्या घरातलं खोलीचं अक्षर आणि क्रमांक. ‘स्व-७’. वहीत स्व-७ समोर: ‘मिक्सर, भांडी, पोळपाट-लाटणं, लगेच उघडायचं’. अक्षर नव्या खोलीचं हवं, जुन्या खोलीचं नव्हे. जुन्या घरात हॉलमध्ये असलेलं पुस्तकांचं कपाट नव्या घरी मुलांच्या खोलीत जाणार असेल तर पुस्तकांच्या खोक्यावर ‘मु’ येईल.

यंत्रांचं थोडं वेगळं. फ्रिज आदल्या दिवशी बंद करून पुसून, दार थोडं उघडं ठेवून कोरडा करा. न्यायचा तो उभाच. पोचल्यावर काही तास थांबून मग चालू करा, आणि नाइलाजाने आडवा आणावा लागला असेल तर दिवसभर थांबा. पुढून दार असलेल्या वॉशिंग मशीनला कंपनीने दिलेले लांब बोल्ट पाठीमागून लावल्याशिवाय हलवू नका, नाहीतर आतला ड्रम आदळतो. ते बोल्ट हरवले असतील तर सर्व्हिस सेंटरकडून मागवून घ्या. एसी काढणारा माणूस गॅस बाहेरच्या युनिटमध्ये ओढून मग पाइप सोडवतोय ना, ते बघा. घाईत पाइप कापला तर गॅस उडून जातो आणि पुन्हा भरण्याचा खर्च येतो. इन्व्हर्टरची बॅटरी सरळ उभी, टोकांना टेप लावून, सगळ्यांत शेवटी चढवा. टीव्ही उभा न्या, आणि मागच्या वायरींचा फोटो काढून ठेवा. पलंग-कपाटाचे नटबोल्ट पिशवीत घालून, चिठ्ठी लावून, सगळ्या पिशव्या एका डब्यात. तो डबा तुमच्या हातात.

हातातच राहणाऱ्या गोष्टी आणखी आहेत: दागिने, रोख, करार, आधार-पॅन, शाळेचे दाखले, विम्याची कागदपत्रं, लॅपटॉप, डॉक्टरांची फाइल आणि पंधरा दिवसांची औषधं. देवघरातले देव आणि तुळसही. कुंड्यांना आदल्या दिवशी पाणी घालू नका, ओल्या कुंड्या जड होतात आणि चिखल करतात.

आणि एक खोका पहिल्या रात्रीचा. त्यात चहा-साखर, पातेलं, कप, काडेपेटी, पाण्याच्या बाटल्या, बादली-मग, साबण, टॉवेल, अंथरायच्या चादरी, खिडक्या झाकायच्या जुन्या चादरी, एक्स्टेन्शन बोर्ड, दोन बल्ब, स्क्रूड्रायव्हर, कात्री, कुलूप, झाडू, कचऱ्याच्या पिशव्या. हा खोका गाडीत सर्वांत शेवटी चढवा, म्हणजे उतरताना पहिला येईल.

निघायचा दिवस

दोन माणसं दोन ठिकाणी असली तर फार सोपं जातं. एक डोंबिवलीत गाडी भरून घेईल, दुसरा आदल्या रात्रीच पुण्यात जाऊन घर झाडून-पुसून, सोसायटीच्या फाटकावर नोंद करून ठेवेल. मुलं आणि आजी-आजोबा त्या दिवशी नातलगांकडे असलेले बरे.

भरायला सकाळी सातला सुरुवात झाली तर दुपारपर्यंत गाडी निघते, भरलेल्या टेम्पोला चार-पाच तास धरा, म्हणजे दिवेलागणीच्या आत उतरवणं सुरू होतं. नव्या सोसायटीची वेळ संध्याकाळी पाचपर्यंतच असेल तर आदल्या दिवशी गाडी भरून पहाटे निघावं लागेल. हे भाव ठरवतानाच बोला. भरताना प्रत्येक वस्तूची यादी बनते. त्यावर सही करण्याआधी ‘जुनी, ओरखडे असलेली’ असा सरसकट शेरा मारलेला नाही ना, ते वाचा. तो असला तर नंतर मोडतोडीची तक्रार टिकत नाही. मोठ्या वस्तूंचे फोटो काढा, चालकाचा नंबर आणि गाडीचा नंबर घ्या, बिल्टीची, म्हणजे माल गाडीत घेतल्याच्या पावतीची, प्रत ठेवा.

हमालांना पाणी, चहा आणि वेळेवर जेवण द्या. मे महिन्याच्या उकाड्यात तीन मजले कपाट उतरवणं हे कष्टाचं काम आहे, आणि वाटेत घोटभर पाणी मिळालेला माणूस तुमचं सामान जपून ठेवतो.

घर सोडताना प्रत्येक कपाट, गिझरच्या मागची फळी आणि दाराच्या मागचे हूक बघा. रिकाम्या खोल्यांचा व्हिडिओ काढा, महावितरणच्या मीटरचा आकड्यासह फोटो घ्या. दूधवाला, पेपरवाला, इस्त्रीवाला यांचे हिशेब चुकते करा. मालकाला किल्ली देऊन डिपॉझिटचा लेखी निकाल घ्या.

दुचाकी स्वतः चालवत नेणार असाल तर द्रुतगती महामार्गावर दुचाकीला बंदी आहे. जुन्या महामार्गानेच जा.

पोचल्यावर

दाराशी एक माणूस वही घेऊन उभा राहू दे. खोका आला की अक्षर वाचायचं, खोली दाखवायची, वहीत खूण करायची. हमालांनी ‘कुठे ठेवू?’ विचारल्यावर ‘ठेवा तिथेच’ म्हटलंत की सगळं हॉलमध्ये साचतं आणि पुढचे पंधरा दिवस तुम्हीच ते हलवत बसता. सगळे आकडे जुळेपर्यंत शेवटचे पैसे देऊ नका. फुटलं-तुटलं असेल ते पॅकर्सच्या प्रतीवरच लिहून सही घ्या आणि फोटो काढा. वाद झालाच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते. रस्तावाहतुकीच्या २००७ च्या कायद्यानुसार माल हरवल्या-मोडल्याबद्दल दावा करायचा तर बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते, तेव्हा तोंडी आश्वासनांवर महिने घालवू नका.

आधी पलंग जोडा आणि अंथरुणं घाला. मग न्हाणीघर. जेवण त्या रात्री बाहेरून आणा. दुसऱ्या दिवशी शेगडी लागली की दूध उतू घाला, देव मांडा आणि मग स्वयंपाकघर लावायला घ्या. फळ्यांना कागद घालण्याआधी ओट्याखालच्या पाइपांतून पाणी गळत नाही ना, ते एकदा बघाच. मुख्य दाराच्या कुलपाची चावी आधीच्या भाडेकरूकडे असू शकते. मालकाला विचारून कुलूप बदला.

पत्ता बदलायची कामं

शाळेचं खरं तर सगळ्यांत आधी. पुण्यातल्या बऱ्याच शाळांचे प्रवेश मार्चच्या आतच भरतात, म्हणून घर शोधण्याबरोबरच शाळाही शोधा. जुन्या शाळेत फी चुकती करून शाळा सोडल्याच्या दाखल्यासाठी वार्षिक निकालाच्या आसपासच अर्ज द्या. सुट्टीत कार्यालयात माणसं कमी असतात. मूळ दाखला नव्या शाळेत जमा होतो, त्याआधी त्याच्या स्पष्ट प्रती काढून ठेवा.

सिलिंडर असेल तर डोंबिवलीच्या एजन्सीत सिलिंडर आणि रेग्युलेटर परत करून अनामत आणि बदलीचा कागद घ्या. तो दाखवून पुण्यात जोडणी मिळते. शेगडी तुमचीच राहते. पुस्तक आणि पावती नीट ठेवलेली असू दे.

आधारवरचा पत्ता नोंदणीकृत करारावर ऑनलाइन बदलता येतो. करार ज्याच्या नावावर आहे त्याचा आधी बदला. बाकीच्यांचा पत्ता कुटुंबप्रमुखाच्या संमतीने बदलायची सोय आहे. आधार झाला की बँक, विमा, पॅन सोपे जातात. मतदार यादीसाठी अर्ज क्र. ८ भरा, नवं नाव नोंदवायचा ६ क्रमांकाचा नव्हे, नाहीतर दोन ठिकाणी नाव राहील. गाडीचा पत्ता बदलल्याचं ३० दिवसांच्या आत आरटीओला कळवायचं असतं. एमएच ०५ चा नंबर तसाच राहतो, राज्य बदललेलं नसल्यामुळे नवा घ्यावा लागत नाही. ब्रॉडबँडवाल्याला पंधरा दिवस आधीच कळवा. घरून काम करणाऱ्याचं त्यावाचून पानही हलत नाही.

जुन्या पत्त्यावर येणारं टपाल वळवण्यासाठी डोंबिवलीच्या टपाल कार्यालयात अर्ज देता येतो. तो द्या, आणि जुन्या शेजाऱ्यांकडेही नंबर ठेवा. पुढचे दोन-तीन महिने बँकेचं एखादं पत्र, चेकबुक किंवा कुणाची तरी लग्नपत्रिका तिकडेच पडत राहते.